व्याह्यांच्या दातांसाठी यवतमाळला

सांगलीहून यवतमाळ जिल्ह्यात हवापालटाला गेलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. मीही हौसेनं गेलो नव्हतो. माझी मेधा तिकडे ढाणकीला दिलेली, आणि तिचे सासरे गुणवंतराव यांचे दात बसवायचे होते. जावई नोकरीत अडकलेले. "बाबा, तुम्ही येता का? डॉक्टर म्हणतात सोबत कुणीतरी हवं, आणि मामंजी कुणाला सोबत नेत नाहीत. तुमचं नाव काढलं तेव्हा गप्प बसले, म्हणजे चालेल," असा मेधाचा फोन आला. व्याह्यांच्या तोंडात दात बसताना पाहायचा योग किती जणांच्या नशिबी येतो? मी पिशवी भरली. परत आल्यापासून इथे जो तो विचारतो, "काय, बसले का दात?" बसले. पण तेवढं सांगून मला थांबता येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

पैनगंगेच्या पलीकडे

नांदेडपर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. तिथून उमरखेडची एसटी धरली. पैनगंगेचा पूल ओलांडला की मराठवाडा संपतो आणि विदर्भ लागतो, असं शेजारी बसलेल्या गृहस्थांनी सांगितलं. नदीत पाणी फारसं नव्हतं. दोन्हीकडे काळी जमीन आणि नजर पोचेल तिथवर कपाशी. आमच्याकडे ऊस माणसाच्या डोक्यावर जातो, रस्त्यावरून शेतातलं काही दिसत नाही. इथे सगळं गुडघ्या-मांडीएवढं, उघडं. काही शेतांतली पानं चक्क लाल झाली होती. उन्हात ती इतकी देखणी दिसत होती की मी शेजाऱ्यांना म्हटलं, "काय सुरेख रंग चढलाय हो पिकाला!"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "लाल्या हाये तो," ते म्हणाले. "पऱ्हाटीचा रोग. बोंड भरत नाई मंग."

पुढे उमरखेड येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.  ही कापसाच्या पडझडीची वर्षं. पेपरातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या आम्ही सांगलीत चहाबरोबर वाचत होतो, आणि मी मात्र रोगाच्या रंगाचं कौतुक करत त्या मुलखात शिरलो.

ढाणकी

ढाणकी म्हणजे बाजाराचं गाव. खताची दुकानं, बियाण्यांच्या पाट्या, अडत्यांच्या गाद्या, आणि सगळीकडे कापसाचे उडालेले पुंजके. ते विजेच्या तारांवर, बाभळींवर, गटाराच्या कडेलाही अडकलेले असतात.

गुणवंतराव दारातच उभे होते. सहा फुटी, ताठ, पांढराशुभ्र सदरा, आणि नाकाखाली सगळं आत गेलेलं. दात नसले की उंच माणूसही खचल्यासारखा दिसतो. "या इवाई," ते म्हणाले. इवाई म्हणजे व्याही. शब्दातली हवा तोंडातून निसटत होती.

आमच्याकडे व्याह्यांची थट्टा करतात ती लग्नापुरती. इकडे ती जन्मभर चालते असं दिसतं. मी माझी कवळी काढून दाखवली आणि म्हटलं, "हे बघा, आमचं कसं सुटसुटीत आहे. रात्री वाटीत, दिवसा तोंडात. तुम्हाला हाडात स्क्रू ठोकून घ्यायची हौस कशाला?"

"तुमी त्या दातानं पोळी खाता," गुणवंतराव म्हणाले. "मले त्याच्यानं कापूस पाहाचा हाये."

हे नीट सांगायला हवं. गुणवंतराव जन्मभर कापसाचे ग्रेडर होते, सरकारी खरेदी केंद्रावर. गाडी आली की मूठभर कापूस ओढायचा, बोटांत धागा ताणायचा, आणि त्यातली एक सरकी काढून दाढेखाली फोडायची. कापूस वाळलेला असला तर सरकी कट् करून फुटते. ओला असला तर ती दबते, दात आत रुततात. किती रुतले त्यावरून ओलावा किती ते ते सांगत. आमच्या सांगलीला हळदीच्या पेढीवर मी हळकुंडं मोडण्यात उमर घालवली. हळकुंड मोडतानाचा आवाज आणि आतला रंग यांवर भाव ठरतो. त्यामुळे मला हे चटकन कळलं. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर हसला असता.

निवृत्त झाल्यावरही बाजार त्यांना सोडेना. सरकारी खरेदी मोडकळीला आली आणि खाजगी व्यापाऱ्यांकडे ओलावा मोजायची यंत्रं आली. यंत्र व्यापाऱ्याचं, धरणारा हात व्यापाऱ्याचा. शेतकऱ्याचा त्यावर विश्वास नाही. मग भांडण झालं की गुणवंतरावांना बोलावणं यायचं. ते सरकी फोडायचे आणि एकच शब्द बोलायचे. तो शब्द दोघंही मान्य करत. शेतकऱ्याच्या बाजूनं झुकलेला निर्णय असला तरी व्यापारी कुरकुर करत नसे, कारण पुढच्या गाडीला तो आपल्या बाजूनंही होणार हे त्याला माहीत होतं.

या दातांसाठी त्यांनी काय काय सांभाळलं! इकडे पानाच्या टपऱ्यांपेक्षा खर्ऱ्याच्या टपऱ्या जास्त. प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी-तंबाखू घोटत उभी असलेली माणसं मी गावोगाव पाहिली. गुणवंतरावांनी खर्ऱ्याला कधी हात लावला नाही. हंगामात चिंच नाही, ताक नाही. "दात आंबले का सरकी खोटं बोलते," असं ते म्हणत. आणि तरीही पायरियानं हिरड्या गेल्या आणि एकेक करून सगळे दात पडले. साधी कवळी करून झाली. वरची टिकायची, खालची जिभेबरोबर नाचायची, आणि सरकी चावायला गेलं की एका अंगाला उचलली जायची. शेवटी यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी पावसाळ्याआधी जबड्याच्या हाडात स्क्रू बसवले होते. हाडानं ते धरेपर्यंत थांबायचं होतं. आता त्यांवर कायमचे दात चढवायचे होते, आणि त्याच आठवड्यात ढाणकीच्या बाजारात काटापूजन होतं. कापसाच्या हंगामाची सुरुवात. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की काका दात घेऊन येणार आहेत.

रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकरी आणि भरलेली वांगी होती. तिखट असं की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. विहीणबाईंनी नवऱ्याची भाकरी दुधात कुस्करून दिली. "भाऊ," त्या मला म्हणाल्या, "दोन वर्सं झाली मी कुस्करून घालते, त्याचं यायले काई नाई. कोनी बाजारात बोलावत नाई, याचंच लागून राह्यलं."

गुणवंतराव मान खाली घालून जेवत राहिले.

यवतमाळच्या रस्त्यावर

सकाळी उमरखेडहून यवतमाळची गाडी मिळाली. महागावनंतर डोंगर लागतात, सागाची झाडं लागतात. सागाची मोठाली पानं किड्यांनी चाळणी केलेली. गुणवंतराव खिडकीशी बसले आणि रस्त्यात दिसेल त्या कपाशीचं भविष्य सांगत राहिले. "हे चांगलं हाये. हे गेलं. हे पाहा, दुसऱ्या वेच्यातच संपन."

एका फाट्यावर गाडी थांबली आणि पांढऱ्या टोप्या घातलेली बरीच माणसं चढली. पाय चिखलानं भरलेले, हातात काही नाही. मयताहून परतत होती हे उघड होतं. आमच्याकडे अशा वेळी शेजारचा विचारतोच, कोण गेलं, कशानं गेलं, वय काय होतं. इथे कुणी विचारलं नाही. वाहकानं मुकाट्यानं तिकिटं फाडली. गुणवंतरावांनी आपली जागा त्यातल्या एका म्हाताऱ्याला दिली आणि आर्णीपर्यंत दांडी धरून उभे राहिले. मी खालच्या आवाजात विचारलं, "ओळखीचे का?"

"नाई."

"मग कोण गेलं ते विचारायचं तरी."

"कायले विचाराचं, इवाई?" ते म्हणाले. "तरनंच असन कोनीतरी." त्या एका वाक्यानं मला जे कळलं ते सांगलीत वर्षभर पेपर वाचून कळलं नव्हतं.

आर्णीला चहासाठी गाडी थांबली. आलूबोंड्यावर लालभडक तर्री ओतून देतात. मी मोठा घास घेतला, गरम बटाटा वरच्या कवळीला चिकटला आणि कवळी घासासकट बशीत आली. हॉटेलातले सगळे बघत होते. गुणवंतराव हसले. त्या प्रवासात ते मोकळेपणानं हसले ते तेवढंच. "हे पाहा तुमचं सुटसुटीत," म्हणाले.

यवतमाळ

शहर डोंगरांच्या कुशीत आहे आणि हवा आमच्यापेक्षा कोरडी. बसस्थानकापासून दवाखाना चालत जाण्यासारखा. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बोलायला साध्या, तिथल्याच. त्यांनी मला आत बसू दिलं.

मला वाटलं होतं, काहीतरी भयंकर बघावं लागेल. तसं काही नव्हतं. हिरड्यांतून स्क्रूंची टोपणं बटणांसारखी वर आलेली होती. बाईंनी ती काढली, दातांची आख्खी ओळ त्यांवर बसवली, बारीक पान्यानं आवळली आणि वरची भोकं बुजवली. मग दातांत निळा कागद धरायला लावून पुन्हा पुन्हा चावायला सांगितलं. जिथे निळा डाग जास्त, तिथे घासून कमी करायचं. दात एकमेकांवर आपटले की बारीक, स्वच्छ आवाज होत होता.

गुणवंतराव अधीर झाले होते. तोंड रिकामं झाल्याबरोबर त्यांनी विचारलं, "बाई, याले समजन का?"

"कुणाला, काका?"

"दाताले. खाली काय हाये, नरम हाये का कडक, ते समजन का?"

बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "काका, मी आधीही सांगितलं होतं. आपल्या दाताच्या आणि हाडाच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. कळतं ते त्या पडद्यामुळे. हे स्क्रू थेट हाडात आहेत. तुम्हाला भाकरी, चणे, ऊस, सगळं चावता येईल. पण आधीसारखं कळणार नाही. सवयीनं थोडंफार कळायला लागतं, कुणाला किती ते सांगता येत नाही."

"सवयीनं समजते," गुणवंतराव माझ्याकडे वळून म्हणाले. बाकीचं त्यांनी ऐकलंच नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली. त्यात सरकी होती. घरून बांधून आणली होती.

"आज नाही हं काका," बाई हसून म्हणाल्या. "काही दिवस मऊच खा."

मग त्यांनी आरसा दिला. गुणवंतराव आरशात पाहत राहिले. गाल भरले होते, ओठ जागेवर आले होते. माझ्या मुलीच्या लग्नातल्या फोटोतला माणूस समोर बसला होता. मला भरून आलं, हे कबूल करतो. "इवाई, तुमच्यापेक्षा जवान दिसतो ना मी?" त्यांनी विचारलं. शब्द स्पष्ट, हवा न निसटता. मी म्हटलं, "दिसता. आता विहीणबाईंना सांभाळा." बाईसुद्धा हसल्या.

मुक्काम लॉजवर केला. संध्याकाळी बाजारात सीताफळांचे ढीग लागले होते. सीताफळ खाताना दातांचा काही प्रश्नच येत नाही, म्हणून आम्ही दोघांनी पोटभर सीताफळं खाल्ली. गुणवंतराव परवाच्या काटापूजनाबद्दल बोलत होते. पहिल्या गाडीला हार घालतात, नारळ फोडतात, मालकाला टोपी-शेला देतात. मग पहिल्या कापसातली सरकी ते फोडत आणि "कोरडा" म्हणत, आणि काट्यावर पहिलं माप चढे. दोन हंगाम कुणीच सरकी फोडली नव्हती. व्यापाऱ्याचं यंत्र ठेवलं होतं आणि लोक गप्प उभे होते.

परतीच्या वाटेवर आर्णीला गाडी थांबली. समोर कापसाचा ट्रॅक्टर उभा होता. गुणवंतराव उतरले, ट्रॅक्टरवाल्याशी बोलले, कापूस ओढला. मी खिडकीतून बघत होतो. त्यांनी सरकी दाढेखाली घातली. मग दुसरी. मग आणखी एक. गाडीत येऊन बसले तेव्हा चेहरा उतरला होता.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"नाई."

मी म्हटलं बाईंनी नको सांगितलं होतं, ऐकायचं नाही म्हणजे काय.  ढाणकीपर्यंत त्यांनी एकाही शेताचं भविष्य सांगितलं नाही.

काटापूजन

बाजारात दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर, बैलगाड्या, मेटाडोर यांची रांग लागली होती. काट्याला हळदकुंकू वाहिलेलं, आंब्याचं तोरण बांधलेलं. आमच्या हळदीच्या सौद्यांत रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नाही. इथे सगळं मोठ्यानं. गुणवंतराव आले तसे लोक बाजूला झाले. "काका आले! काकाचे दात आले!" कुणीतरी ओरडलं. एकानं तर वाकून त्यांच्या तोंडात पाहिलं. शेठजींनी, म्हणजे सरकी काढायच्या जिनिंग गिरणीच्या मालकांनी, स्वतः खुर्ची दिली.

पहिली गाडी एका बाईची होती. जवळच्या तांड्यावरची, पन्नाशीची, कपाळभर कुंकू, हातात बैलांची दोरी. कापूस तिनं स्वतः वेचून आणला होता. शेठजींच्या माणसानं यंत्राचा दांडा कापसात खुपसला. ओलावा जास्त दाखवला. भावात कपात होणार होती.

"ते मशीन मले नको दाखवू," बाई म्हणाली. "काका सांगतीन ते खरं. काका, तुमी सांगा."

शेठजी हात जोडून म्हणाले, "तुम्ही सांगा काका. माझीही तयारी आहे."

गुणवंतरावांनी कापूस ओढला. धागा ताणून पाहिला. सरकी काढली, दाढेखाली धरली आणि दात मिटले.

कट्! तो आवाज माझ्यापर्यंत आला. पाठीमागच्या गर्दीपर्यंतही गेला असावा. "कोरडा! कोरडा!" लोक ओरडले, टाळ्या पडल्या. बाईनं बैलाच्या पाठीवर थाप मारली. शेठजींनी खांदे उडवले आणि माणसाला खूण केली, घे मग पूर्ण भावानं. सगळं मिटलं होतं. गुणवंतरावांनी तोंड उघडायची गरजच नव्हती.

ते खुर्चीतून उठले. बाजूला पाण्याचा माठ होता. त्यातून पेला भरला, मुठीतल्या दोन-तीन सरक्या त्यात टाकल्या आणि तसेच उभे राहिले. लोकांना कळेना. मलाही कळेना. गर्दी हळूहळू शांत झाली. बऱ्याच वेळानं त्यांनी पाण्यातली सरकी काढली. ओलीगच्च, बोटात दबेल अशी. ती त्यांनी दाढेखाली घातली आणि दात मिटले.

कट्! तोच आवाज.

"सरकी नाई वाजून राह्यली," गुणवंतराव म्हणाले. "माहे दात वाजून राह्यले. वल्ली असो का कोरडी, मले काई समजून नाई राह्यलं." मग शेठजींकडे वळून म्हणाले, "तुमचं मशीन लावा."

 यंत्र पुन्हा लागलं आणि आकडा आधीचाच आला. बाईच्या कापसाला कपात झाली. कापूस खरंच ओला होता की नव्हता, हे त्या बाजारात आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. बाई गाडी काट्यावर नेता नेता थांबली. तिला राग आलेला दिसला नाही, त्याहून वाईट काहीतरी झालेलं दिसलं.

"काका, चूप राह्यले असते तं काय झालं असतं?" तिनं विचारलं.

"तुह्या मागच्या गाडीचंही वाजलं असतं, बाई. अन् त्याच्या मागच्याचंही."

घरी येताना मला राग आवरेना. मी म्हटलं, "कुणालाही कळलं नसतं. शेठ कबूल झाला होता. आयुष्यभर खरं बोललात, एक दिवस त्या बिचारीसाठी गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"इवाई, तुमी हळकुंड न मोडता भाव सांगतला असता का?"

 थोडं पुढे जाऊन मी विचारलं, "आणि एवढा त्रास काढून बसवलेल्या या दातांचं काय?"

"काय म्हंजे? जेवाले चांगले हायेत."

खरोखरच चांगले होते. विहीणबाईंनी हौसेनं कडक भाकरी केली, ठेचा केला. गुणवंतराव सगळं नीट चावून खात होते. आता कुणाला काही कुस्करून द्यावं लागत नव्हतं. मेधा खूष होती आणि सासऱ्यांचे फोटो काढून नवऱ्याला पाठवायच्या बेतात होती. मी होतो तेवढे दिवस गुणवंतराव सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसत. बाजारातून कुणीच बोलवायला आलं नाही. माणसं रस्त्यानं जात, नमस्कार करत, दात छान दिसतात म्हणत आणि पुढे जात. मला तिथे बसवत नसे. उन्हाचं निमित्त करून मी आत येई.

निघायच्या दिवशी ते मला स्टँडवर पोचवायला आले. माझी पिशवी त्यांनीच घेतली, नको म्हटलं तरी. स्टँडचा रस्ता बाजारावरून जातो. चौकात आल्यावर काट्यापाशी चाललेला गलका ऐकू येत होता. गुणवंतराव क्षणभर थांबले आणि मागच्या गल्लीकडे वळले.

"इकून चला, इवाई," ते म्हणाले. "इकून सावली हाये."

त्या गल्लीत सावली कुठेच नव्हती. मी त्यांच्या मागून चालत राहिलो.